एव्हरमोरला उगाच बदनाम करू नका

कोणीतरी लिहिलंय की 'सीक्रेट ऑफ एव्हरमोर' हा व्हिडिओ गेम काढला म्हणून स्क्वेअर या जपानी गेम कंपनीने आपला जपानी गेम 'सेकेन देन्सेत्सु ३' इंग्रजीत आणलाच नाही. हे मीही वर्षानुवर्षं खरं मानत होतो, पण एव्हरमोर स्क्वेअरच्या अमेरिकेतल्या वेगळ्या टीमने बनवला होता, त्यांनी तो केला नसता तर ते काही जपानी गेमचं भाषांतर करत बसले नसते. त्या टीममधल्याच एकाने नंतर सांगितलं की सेकेन ३ मध्ये बग इतके होते की ज्यांच्या कन्सोलवर तो यायचा त्या निन्टेन्डो ऑफ अमेरिकाने तो तपासणीत पास करणं अवघडच होतं.

आणि "सेकेन ३ चं भाषांतर २०२० च्या रिमेकमध्ये, म्हणजे नव्याने बनवलेल्या आवृत्तीत आलं" हेही अर्धंच खरं, कारण निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलवरचा १९९५ चा मूळ गेम जून २०१९ मध्ये 'कलेक्शन ऑफ माना' या संचातून निन्टेन्डोच्याच स्विच कन्सोलवर अधिकृत इंग्रजीत आला, 'ट्रायल्स ऑफ माना' नावाने, म्हणजे जवळजवळ २४ वर्षांनी! तोवर आमच्यासारख्यांची सगळी भिस्त चाहत्यांनी केलेल्या भाषांतराच्या पॅचवर. कॉलेजात असताना मी तसाच इम्युलेटरवर (जुने कन्सोल गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) खेळलो, सहातले तीन हिरो निवडायचे आणि पहिला निवडाल त्यावर शेवटचा व्हिलन बदलतो हे न कळल्यामुळे मित्राशी भांडलो होतो, तो म्हणे तुझा गेमच वेगळा आहे :)