लेक मिशनच्या कामाला परदेशी निघाली तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

एस्तेर_उथळसर
काल रात्री खालच्या मजल्यावरची पोरगी परदेशी गेली. गाडीची डिकी धाडकन लागली आणि मला आमचीच आठवली. नर्सिंग करून युगांडाच्या मिशन हॉस्पिटलात निघाली होती. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी पुढे बोलावलं, वडीलमंडळींनी डोक्यावर हात ठेवले, स्तोत्र १२१ वाचलं. सगळे डोळे पुसतायत, मी ठणठणीत. रात्री बॅग काट्यावर ठेवली तर वजन जास्त. बाईसाहेबांनी माझी थालीपिठाची भाजणी काढून ओट्यावर ठेवली. चर्चमधल्या बायकांनी तिकडच्या बाळांसाठी शिवलेली झबली मात्र बॅगेत तशीच. तिथे माझा बांध फुटला. भाजणीसाठी रडली म्हणून घरात अजून चिडवतात.
तुमच्याही लेकी गेल्या असतील, लिहा.

सुमा_नेरूळ
भाजणी 😭 आमची केनियाला. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

ऐरोलीचा_बाप
बापांनी लिहिलं तर चालेल ना? ऐरोली ते सहार विमानतळ मी एकच वाक्य बोलत होतो, 'पासपोर्ट घेतलास का?' शेवटी ती म्हणाली, बाबा, तो तुमच्याच खिशात आहे. टी-टूच्या दारात जवान तिकीट बघून तिला आत सोडतो, आपण बाहेर. जवळ घ्यायचं ठरवलं होतं. मागचा ट्रॉलीवाला 'काका, साइड' म्हणाला, राहिलंच.

घणसोलीकर
ऐरोलीचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ. पवईचं ट्रॅफिक कधी माफ होणार?

ऐरोलीचा_बाप
@घणसोलीकर त्या दिवशी मला ते ट्रॅफिक चाललं असतं अजून.

डॉक्टरची_आई
आम्ही ख्रिस्ती नाही. लेक युगांडातच, बिडीबिडीला, दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत. मेडिकल मिशनवर निघाली म्हटल्यावर शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, 'बाटली की काय?' दुसऱ्या एकांनी सासूबाईंना धीर दिला, 'अहो, सोलापूरचे डॉ. कोटणीस नाही का १९३८ साली मेडिकल मिशनमधून चीनला गेले!' सासूबाईंनी विचारलं, मग परत कधी आले? ते १९४२ मध्ये तिकडेच वारले, हे कुणी सांगायचं? सगळे एकदम चहा प्यायला लागले.

रूथ_कळवा
😂😂 मेले. मला सगळे एकच विचारतात, लग्नाचं काय? अरे, ती तिकडे रात्रपाळीला बाळंतपणं करतेय! माझी काळजी वेगळीच, ती ड्यूटीला बोडाबोडावर जाते. म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी. हेल्मेट घालते म्हणते. फोटोत कधी दिसलं नाही.

एस्तेर_उथळसर
@रूथ आमचीही तशीच गं. आणि जेवायला मटोके, कच्ची केळी उकडून ठेचलेली. इथे केळ्याची भाजी केली की ताट सरकवायची.

सुमा_नेरूळ
आले. काय लिहिणार होते विसरले. हां, लोणचं! केबिन बॅगेत ठेवलं होतं, तपासणीत काढून घेतलं. चेक-इनमध्येच टाका, झाकणाला प्लास्टिक बांधून.

पाचपाखाडी_मावशी
भाची महिनाअखेरीस कंपालाला निघतेय. पिवळ्या तापाची लस आदल्या आठवड्यात घेतली तर चालेल का?

डॉक्टरची_आई
@मावशी नाही हो, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी हवी. तिकडे उतरल्यावर या लसीचं पिवळं कार्ड मागतात, परत येताना आपल्याकडेही. एकदा घेतली की २०१६ पासून आयुष्यभर चालते. उद्याच अपॉइंटमेंट घ्या.

पाचपाखाडी_मावशी
बरं. आणि सुमाताई, लोणचं आंब्याचं की लिंबाचं? लिंबाचं गळतं फार.