डी लहान केला तरी सी का वाढत नाही

डी ड्राइव्ह श्रिंक करून १०० जीबी मोकळी केलीत, पण सीवर राइट क्लिक केल्यावर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' (ड्राइव्ह वाढवायचा पर्याय) पुसटच दिसतंय, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, डिस्क बिघडलेली नाही.

डिस्क मॅनेजमेंटमधल्या (विंडोजमध्ये ड्राइव्ह लहान-मोठे करायच्या खिडकीतल्या) खालच्या पट्ट्या नीट बघा. 'अनअलोकेटेड' (कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली जागा) लिहिलेला काळ्या पट्टीचा तुकडा डीच्या उजवीकडे असेल. श्रिंक केल्यावर जागा नेहमी पार्टिशनच्या (डिस्कच्या त्या भागाच्या) शेवटाकडून सुटते, आणि विंडोजला तर ती सीच्या लगेच उजवीकडे, चिकटून हवी असते. मध्ये अख्खा डी आडवा आलाय. कधीकधी छोटं रिकव्हरी पार्टिशनही (विंडोज दुरुस्त करायला लागणारा भाग) असंच मध्ये येतं, ते सहज म्हणून उडवू नका.

डीमधला डेटा दुसरीकडे नेता येत असेल तर तेच करा: डी डिलीट करा, सी वाढवा, उरलेल्या जागेत नवा डी बनवा. मला हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो. नाहीतर जीपार्टेड (पार्टिशन हलवायचं मोफत सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवरून बूट करून डी उजवीकडे सरकवावा लागेल. त्यात सगळा डेटा जागेवरून हलतो, तासन्‌तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. म्हणून आधी बॅकअप घ्याच! बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी ड्राइव्ह डिक्रिप्ट करा, रिकव्हरी कीही जपून ठेवा.

तोवर हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून कॉम्प्युटर बंद करायची सोय) वापरत नसाल तर ते बंद करून पाहा. त्याची फाइल सीवरच असते, ती गेली की बरेच जीबी लगेच सुटतात.