मदत हवी आहे: गाडी दोन सेकंदांत बंद पडते, कुलपाचा लाल दिवा लुकलुकत राहतो

नमस्कार. गाडी बाबांची, २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. आम्ही तासगावला राहतो. बाबांना दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं, म्हणून घाईने विचारतेय. काल रिक्षाने नेलं, पण येताना धक्क्यांनी त्यांचे फार हाल झाले.

चावी फिरवली की स्टार्टर नेहमीसारखा फिरतो, इंजिन चालू होतं आणि लगेच बंद पडतं. दहादा केलं तरी तेच. डॅशबोर्डवर गाडी आणि कुलपाचं चित्र असलेला लाल दिवा आहे, तो भराभर लुकलुकतो. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच बदललीय, टाकी अर्धी भरलेली आहे. रिमोटने दारंही उघडतात, म्हणजे चावी ठीकच असणार ना?

इथल्या मेकॅनिकने ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलं म्हणून सांगितलं, खर्च तीसेक हजार. एवढे पैसे घालण्याआधी कुणीतरी नीट समजावून सांगा. हा दिवा रात्री गाडी बंद असतानाही लुकलुकायचा. त्यानेच बॅटरीवर काही परिणाम झाला असेल का?

प्रतिसाद १

ताई, ईसीएमवर इतक्यात पैसे घालू नका. हा इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा दिवा आहे.

चावीच्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची कॉइल असते. चावी लावून ऑन केलं की कॉइलच्या लहरींवरच (बऱ्याच गाड्यांत १२५ किलोहर्ट्झ) चिप जागी होते आणि आपला कोड सांगते. तिला सेल लागत नाही. कोड जुळला नाही तर ईसीएम पेट्रोलचा फवारा तोडतं, म्हणून इंजिन चालू होऊन बंद पडतं. रिमोटचं सर्किट वेगळं, ते सेलवर चालतं. दारं उघडली म्हणजे चिप ओळखली गेली असं नाही.

गाडी बंद असताना दिवा सावकाश लुकलुकला तर पहारा चालू आहे, एवढाच अर्थ. छोटा एलईडी आहे, त्याने बॅटरी उतरत नाही. ऑन केल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला तर चावी पटली. लुकलुकतच राहिला तर नाही पटली. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, मॅन्युअल बघा.

दुसरी चावी लावून पाहिलीत का? आणि या चावीला अलीकडे काही झालं होतं का?

धागाकर्ती

दुसरी चावी भावाकडे, पुण्यात. तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, बुधवारी चावीचं कव्हर तुटलं म्हणून स्टँडसमोरच्या चावीवाल्याकडून नवं बसवून घेतलं होतं. त्यानंतर गाडी काढली ती थेट गुरुवारीच!

प्रतिसाद २

मग तिथेच घोळ आहे. जुनं कव्हर टाकलं नाही ना? बऱ्याच चाव्यांत चिप रिमोटच्या सर्किटवर नसते, कव्हरच्या खाचेत वेगळी बसवलेली असते: काळा चपटा तुकडा किंवा काचेची इवली नळी. चावीवाल्याने पातं आणि रिमोट नव्या कव्हरात घातला असेल, चिप जुन्यातच राहिली असेल. जुनं कव्हर चावीच्या डोक्याला लावून धरा आणि सुरू करून पाहा. जुडग्यात दुसऱ्या चिपवाल्या गाडीची चावी असेल तर ती बाजूला काढा.

चिप हरवलीच असेल तर गाडीचे कागद आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, नवी चावी गाडीशी जुळवून देतात. कुणी इमोबिलायझर बायपास करून देतो म्हणालं तर अजिबात करू नका, साधी नकली चावीही मग गाडी पळवायला पुरेल. आणि दोन्ही मूळ चाव्या जपा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मागते.

धागाकर्ती

सापडलं! आईने जुनं कव्हर ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आत खाचेत काळा तुकडा होता, करंगळीच्या नखाएवढा. कव्हर चिकटपट्टीने चावीला बांधलं, ऑन केलं, दिवा विझला आणि गाडी चालू झाली. दहा मिनिटं चालूच ठेवली. इंजिनचा आवाज ऐकून बाबा अंगणात आले. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. सोमवारी सकाळी सातला निघायचंय, आता रिक्षा शोधायला नको.

एक शेवटचं विचारते. नव्या कव्हरला चिपची खाचच नाही. आत फेविक्विकने चिकटवली तर चिप खराब होईल का? की खाच असलेलं कव्हरच मागवू? तोवर चिकटपट्टी तशीच ठेवलीय, आणि भावाला दुसरी चावी घेऊन उद्याच यायला सांगितलंय.