कोथिंबीर उगवत नाही, बियाणे खराब असावे का?

प्रश्न : पुण्यात गच्चीवरील कुंड्यांत नोव्हेंबरच्या प्रारंभी मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरली. मेथी चौथ्या दिवशीच वर आली, परंतु 12 दिवस उलटूनही कोथिंबिरीचा पत्ता नाही. बियाणे खराब असावे का?

पहिले उत्तर : बहुधा नाही. एका धन्यात दोन बिया असतात. त्यामुळे धने चपलेखाली हलके रगडून त्यांची दोन दले वेगळी करावीत, रात्रभर पाण्यात भिजवावीत आणि मगच अर्धा-एक सेंटिमीटर खोल पेरावीत. अख्खे धने पेरले असल्यास थंडीत दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर माती उकरून पाहू नये (मला हे कधीच जमलेले नाही).

दुसरे उत्तर : पाणी सकाळीच द्यावे. ढगाळ हवेत पानांच्या मागे मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसल्यास लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून फवारावे. पालक मात्र उपटू नये, बाहेरची पाने खुडत राहावे.

प्रश्नकर्ती : आज सकाळी दोन लांबट पाती दिसली, एकीच्या टोकाला धन्याचे टरफल अजून अडकलेले आहे.