स्पीकरचा कोन बदलायच्या आधी अँपचा रिले बघा

स्पीकरचा आवाज फाटतोय म्हणजे कोन (पुढचा पडदा) गेला, सरळ रिकोन करून म्हणजे पडदा बदलून घ्या, असं बरेचजण सांगतात. घाई नको ओ. अँपच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकर वायरी अदलाबदल करून बघायचा सल्ला देतात तो बरोबरच आहे (अँप बंद करून हां), खरखर त्याच स्पीकरमध्ये राहिली तर स्पीकर, दुसऱ्यात गेली तर मागे अँप किंवा सोर्स. पण आवाज कधी फाटतो हे कुणी विचारतच नाही. फुल व्हॉल्यूमला फाटत असेल तर क्लिपिंग (अँपची ताकद कमी पडून आवाज कापला जाणं) किंवा स्पीकरची घासणारी कॉइल, पण हळू आवाजात फाटत असेल, एक बाजू येते-जाते आणि व्हॉल्यूम जरा जोरात नेला की एकदम साफ होत असेल तर पहिला संशय प्रोटेक्शन रिलेवर, म्हणजे स्पीकर वाचवायला अँपमध्ये बसवलेला स्विच, अँप ऑन केल्यावर दोनचार सेकंदांनी टक् वाजतो ना, तोच. रिलेच्या कॉन्टॅक्टवर ऑक्साइडचा थर बसतो, कमी करंट त्यातून नीट जात नाही, जास्त करंट गेला की थर तात्पुरता फुटतो.

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी सेम हेच, मेकॅनिक आउटपुट आयसी (स्पीकरला पॉवर देणारी अँपची चिप) बदलायला निघालेला, मी आधी रिले बदलायला लावला आणि विषय संपला. इथली धूळ तर माहितीये, उघड्या पत्रीचा (वर कव्हर नसलेला) रिले असेल तर बघायलाच नको. नवा घेताना रिलेच्या कॉइलचा व्होल्टेज तोच घ्या, बऱ्याच अँपमध्ये 24 व्होल्टचा असतो, अंगावरच छापलेलं असतं. जुन्या रिलेचे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासू नका, वरचं प्लेटिंग जातं. आणि प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात, लगेच हात घालू नका.