कादंबरीतील शोकात्मिका आणि सुखात्मिका यांच्या वाटा कोठे फुटतात?

प्रश्न (जळगाव):
आमच्या वाचनमंडळाने थॉमस हार्डी यांची ‘टेस’ (१८९१) आणि जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) लागोपाठ वाचल्या. लग्न, पैसा आणि घराण्याचा मान हे विषय दोन्हींत असूनही एकीचा शेवट फाशीत होतो आणि दुसरीचा लग्नात. हा फरक केवळ लेखकाच्या स्वभावाचा आहे, की तो रचनेतही दाखवता येतो?

उत्तर (धुळे):
ताई, दोन्हींतील एकेक पत्र पाहा. हार्डींची नायिका टेस आपला भूतकाळ लिहून तो कागद होणारा नवरा एंजल याच्या दाराखालून सरकवते. तो गालिच्याखाली जातो आणि लग्नाच्या दिवशी तिला न उघडलेलाच सापडतो. ऑस्टिनच्या कादंबरीत डार्सी मात्र आपले पत्र नायिका एलिझाबेथच्या हाती देतो; ती ते आधी रागाने, मग पुन्हा पुन्हा वाचते आणि आपण माणसे ओळखण्यात चुकलो हे स्वतःशी कबूल करते. सुखात्मिकेत चूक उमगल्यावर ती सुधारायला अवधी उरतो. एंजल टेसला सोडून गेलेल्या ब्राझीलहून परततो तेव्हा तो अवधी उरलेला नसतो.

उत्तर (शहादा):
सर, पत्राचे निरीक्षण पटले, पण सारा भार योगायोगावर टाकला तर टेसवर अन्याय होईल. लग्नाच्या रात्री एंजल स्वतःची चूक सांगतो आणि ती त्याला तत्काळ क्षमा करते. तिची हकीकत ऐकल्यावर त्याला मात्र ते जमत नाही. पत्र वाचले असते तरी हा माणूस बदलला असता का? पुढे कडाक्याच्या थंडीत सलगम उपटणारी टेस वाचताना मला कापूस वेचून आलेल्या आईची, बोंडांच्या वाळक्या टोकांनी चिरलेली बोटे आठवली. शोकात्मिका तेथे आहे.

उत्तर (अमळनेर):
तिसरे पत्र मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीत आहे. पळून आलेला गुलाम जिम याचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला कळवणारे पत्र नायक हक हा मुलगा लिहितो, थरथरत हातात धरतो आणि नरकात जावे लागले तरी चालेल असे म्हणून फाडून टाकतो. त्याच्या भोळ्या बोलण्याचे हसू येते आणि त्याच वेळी, गुलामाला वाचवणे हे पाप आहे असे या मुलाला कोणी शिकवले, या विचाराने गळा दाटतो. म्हणूनच शेवटी, मालकिणीच्या मृत्युपत्राने आधीच मुक्त झालेल्या जिमला डांबून ठेवून हकचा मित्र टॉम सॉयर जो खेळ मांडतो, तो विनोद मला आजही सहन होत नाही.