'चालू' माणूस आणि 'चालू' बाई: धंद्यात एकच शब्द दोन अर्थांचा का होतो?

बारामतीकर:
एक शंका आहे. दुकानात माल देणाऱ्या दोन पार्ट्यांचा विषय निघाला होता, एक बाप्या एक बाई, दोघंही काटा मारण्यात पटाईत. त्याच्याबद्दल मी म्हटलं 'तो चालू आहे', कोणाला काही वाटलं नाही. 'ती पण चालूच आहे' म्हटल्याबरोबर सगळे गप्प, वर एक जण म्हणतो बाईमाणसाबद्दल असं बोलू नये. अहो मी वजनाचंच बोलत होतो! मग काटा मारणाऱ्या बाईला म्हणायचं काय?

शब्दवेडी:
हे फक्त 'चालू'चं नाही. 'बाजारात त्याचं नाव खराब आहे' म्हणजे त्याचे चेक बाउन्स होतात, 'तिचं नाव खराब आहे' म्हटलं की चेक कोणाच्या डोक्यातच येत नाही. 'पोचलेला' आणि 'पोचलेली'चं पण तेच. बाईच्या नीतीबद्दलचा शब्द गल्ल्यावरून उठतो तो थेट घराच्या दाराशी जाऊन उभा राहतो, आणि त्यामुळे तिच्या धंद्यातल्या वागण्यावर सरळ टीका पण करता येत नाही नि कौतुक पण नाही. तुम्हाला शब्दच हवा असेल तर 'बेरकी' वापरा, दोघांना तसाच चालतो. नाहीतर सरळ 'काटा मारते' म्हणा की.

गिरगावकर:
मला तर 'मालकीण' जास्त खुपतो. मालकाची बायको पण मालकीण आणि स्वतःच्या पैशाने कारखाना काढलेली पण मालकीण. शेठाणी, पाटलीण, सावकारीण, सगळ्यांची तीच गत, हुद्दा नवऱ्याचा आणि प्रत्यय हिला. बरं बायकोच्या नावावर फर्म, सवलती तिच्या नावावर, चेकबुक ह्याच्या खिशात, हा प्रकार तर गल्लोगल्ली आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डावर एक तरी बाई डायरेक्टर सक्तीची केली तेव्हा बऱ्याच ठिकाणी घरातलीच बाई बसवली. म्हणजे कायद्याला हवी होती एका अर्थाची मालकीण आणि बोर्डावर आली दुसऱ्या अर्थाची.
लिज्जतमध्ये बघा, १९५९ला आमच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथे पापड लाटणारी प्रत्येक जण सहमालक आणि एकमेकींना 'बेन' किंवा 'बहन', शाखा बघणारी ती 'संचालिका', आणि पुरुष असलेच तर पगारावर, त्यांना सभासद होता येत नाही. तिथे संचालिका म्हणजे कोणा संचालकाची बायको असं कोणाला वाटायची सोयच नाही.

नाद_खुळा:
एवढं कुठे कोण बघतं राव. कडक माणूस कडक, बाई असो की बुवा. आमच्या एमआयडीसीत एक मॅडम आहेत, सगळे म्हणतात 'बाई कसली, बाप्या आहे बाप्या'. कौतुकच आहे ना ते?

शब्दवेडी:
कौतुक आहे, पण बाप्याचं :) आणि उलटं करून बघा, कामगारांना विचारून निर्णय घेणारा, आवाज न चढवणारा मालक असेल तर त्याला 'बायल्या' म्हणणारे तुमच्याच एमआयडीसीत सापडतील. म्हणजे दरडावणं पुरुषाचं आणि विचारून करणं बाईचं हे आपण आधीच वाटून टाकलंय, मग ज्याने त्याने आपापल्या वाट्याबाहेर पाऊल टाकलं की एकाला शिवी नि एकीला शाबासकी. 'खमकी' मात्र मला आवडतो, त्यात बाई बाईच राहते.

माणदेशी:
दुसरी बाजू पण घ्या की. 'बायका हप्ता बुडवत नाहीत, जातीच्याच प्रामाणिक' हे बचत गटाच्या बाबतीत इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले. अहो एकीने हप्ता चुकवला की पुढच्या बैठकीत बाकीच्या तिला सोडत नाहीत आणि गटाला पुढचं कर्ज अडतं, पुरुषांना त्या सतरंजीवर बसवा ते पण भरतील. त्याला व्यवस्था म्हणायचं, त्यात बाईचा सोशिकपणा, आईचं काळीज वगैरे कशाला घुसवता? आमच्या म्हसवडला १९९७ला माणदेशी महिला बँक उभी राहिली, त्याआधी पहिल्या अर्जाला रिझर्व्ह बँकेने नकार दिला होता कारण बायका निरक्षर. त्या परत गेल्या नि म्हणाल्या लिहिता येत नाही पण व्याजाचा हिशोब तोंडी विचारा. त्यांना भोळी, मायाळू म्हणू नका, 'हिशोबी' म्हणा. पण हा शब्द बाईला लावला की ऐकणाऱ्याला कंजूष सासू का आठवते देव जाणे.

बारामतीकर:
'बेरकी' पटला, उद्यापासून तोच. जाता जाता, नुसत्या सह्या करणाऱ्या पार्टनरला 'सह्याजीराव' म्हणतात, गिरगावकरांनी सांगितलेल्या त्या कागदावरच्या मालकिणीला काय म्हणायचं?

गिरगावकर:
तिला काही म्हणू नका, तिचं चेकबुक जो खिशात घालून फिरतो त्याच्यासाठी शब्द शोधा.